खिशातला छापखाना कुणाचा?

आयफोन घ्यायचा की अँड्रॉइड, यावरून आमच्या घरात तीन रात्री भांडण झालं. हसू नका. आज्यानं भाकरीवरून भांडणं केली, बापानं खोलीच्या भाड्यावरून केली, आणि आता पोरं फोनवरून करतात, म्हणजे समाज पुढं गेला, असं एखादा पांढरपेशा शहाणा म्हणेल. त्याला खुशाल म्हणू द्या. मी सांगतो, हेही भांडण भाकरीचंच होतं.

माझी आई मरोळच्या एमआयडीसीत एका काचेच्या इमारतीत ठेकेदाराकडं झाडलोट करते. पहाटे असल्फ्याच्या टेकडीवरून उतरते. डोक्यावरून मेट्रो जाते, आई खालून बसनं जाते. तिच्याकडं बटणाचा फोन. दोनदा पाण्यात पडला, एकदा जिन्यावरून गडगडत गेला, तरी चालू आहे. बॅटरी चार दिवस पुरते. हिरवं बटण दाबलं की बोलायचं, लाल दाबलं की संपलं. गेल्या महिन्यात सुपरवायझर म्हणाला, मावशी, एक तारखेपासून हजेरी अ‍ॅपवर. रोज सकाळी कामाच्या जागी उभं राहून स्वतःचा फोटो काढायचा. कामाची जागा म्हणजे संडास. फोटो नाही तर खाडा.

आणि फोन कोण देणार? मावशीनंच आणायचा. झाडू ठेकेदाराचा, फिनाईल ठेकेदाराचं, आणि हजेरीचं यंत्र मात्र कामगारानं पदरचे पैसे मोडून घ्यायचं! गिरणीच्या भोंग्याचे पैसे कधी मजुरानं भरले होते का रे?

धाकटा भाऊ मुलुंडला डिलिव्हरी करतो. तो म्हणाला, "घ्यायचाच तर आयफोन घेऊ. हप्त्यावर." मी म्हणालो, डोकं फिरलंय का तुझं? तो उसळला. "तू सभेत बोंबलतोस आपल्या माणसाला उत्तम ते मिळालं पाहिजे, आणि घरात सांगतोस स्वस्तातलं घे. हे कसलं तुझं आंबेडकरवादीपण?" मी गप्प बसलो. कारण त्याचा सवाल खरा होता.

दोस्तहो, या सवालाला आधी भिडू. वस्तीतल्या पोराच्या हातात आयफोन दिसला की सोसायटीतल्या लोकांच्या पोटात मुरडा येतो. खायला नाही अन् हातात आयफोन! असं म्हणणाऱ्याच्या पोराच्या हातात तोच फोन असतो, पण त्याला तो शोभतो. आम्हाला शोभत नाही. पूर्वी आमच्या बायांनी चांदी घातली तर गावाला सहन होत नव्हती. 1927 साली महाडला बाबासाहेबांनी बायांना सांगितलं, लुगडं नीट नेसा, जुन्या अस्पृश्यतेच्या खुणा टाकून द्या. ते स्वतः सुटाबुटात राहिले. त्या सुटात चैन नव्हती, जबाब होता. तेव्हा आम्हाला साधेपणाचं कीर्तन कुणी ऐकवू नये. साधेपणा परवडायला सुद्धा घरात आधी काहीतरी असावं लागतं.

घाटकोपर स्टेशनबाहेरच्या एका दुकानात आई आणि मी गेलो तर काउंटरवरच्या पोरानं आईच्या पायातल्या चपलेकडं बघितलं आणि न विचारता सर्वांत खालच्या कप्प्यातला फोन काढून ठेवला. "हा घ्या, तुमच्यासाठी बेस्ट आहे." त्या क्षणी मलाही वाटलं, साल्याच्या तोंडावर आयफोनचे पैसे फेकावेत. पण खिशात पैसे नव्हते. आणि तिथंच मला कळलं की अपमानाचा बदला म्हणून केलेली खरेदी ही त्या दुकानदारानंच लावलेला सापळा असते. तुमचा राग आणि त्यांचा धंदा.

हप्त्याचं गणित काय असतं? नवा आयफोन 80 हजारांच्या आसपास. आईचा वर्षाचा पगार त्याच्या दुपटीच्या थोडा वर. भावाच्या ओळखीतला एक पोरगा, तोही डिलिव्हरीचाच, त्यानं हप्त्यावर फोन घेतला. आयफोनसुद्धा नव्हे, साधा अँड्रॉइड. त्यात कर्ज देणाऱ्यानं एक कुलपाचं अ‍ॅप घालून दिलेलं. पाऊस आला, ताप आला, चार दिवस घरी बसला, हप्ता चुकला. सकाळी फोन उघडला तर पडद्यावर कुलूप. फोन बंद म्हणजे ऑर्डर बंद, ऑर्डर बंद म्हणजे कमाई बंद, कमाई बंद म्हणजे पुढचा हप्ता बंद. कसं वाटतं गणित? आपल्या म्हाताऱ्यांना हे गणित चांगलं ठाऊक होतं. वतनाच्या तुकड्याभर जमिनीपायी माणूस चोवीस तास गावाला बांधलेला. म्हणून 1928 साली बाबासाहेबांनी मुंबई कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं बिल मांडलं. 1958 साली कनिष्ठ गावकामगारांची वतनं कायद्यानं गेली. आणि आता आपलीच पोरं हसत हसत सही करून हप्त्याचं वतन घरी आणतायत.

बरं, पैशाचं बाजूला ठेवू. बोरिवलीचा आपला एक मित्र आहे, चळवळीतला, बँकेत नोकरीला. तो म्हणतो, चळवळीच्या माणसानं आयफोनच वापरावा, कारण तो सुरक्षित. अँड्रॉइड म्हणजे गूगल, गूगल म्हणजे तुमच्या प्रत्येक पावलाचा हिशेब. याचं म्हणणं नीट तपासू.

अर्धं खरं आहे. गूगलचा धंदा जाहिरातीचा. तुम्ही कुठं गेलात, काय शोधलंत, काय पाहिलंत, यावर त्याची चूल पेटते. अँड्रॉइडचा मूळ कोड उघडा आहे, कुणीही घ्यावा, असं तो सांगतो. पण उघड्या गावातसुद्धा पाटील असतोच. फोन बनवणाऱ्यांना आपली अ‍ॅपं आधीच घालायला लावली म्हणून भारताच्या स्पर्धा आयोगानं 20 ऑक्टोबर 2022 ला गूगलला 1337.76 कोटींचा दंड ठोकला. म्हणजे गाव उघडं, पण पाणवठा पाटलाचा.

अ‍ॅपलचं तसं नाही. तिथं गावच नाही. वाडा आहे. एक दरवाजा, एक पहारेकरी. आत काय यायचं ते मालक ठरवणार, विक्रीत 15 ते 30 टक्क्यांपर्यंत वाटा घेणार. युरोपनं कायदा करून 2024 मध्ये त्याला दुसऱ्यांची दुकानं आत घ्यायला लावली, तेव्हा कुठं दरवाजा किलकिला झाला, तोही तिथल्यापुरता. वाड्यात चोर कमी शिरतात हे मान्य. जुन्या फोनलाही तो वर्षानुवर्षं दुरुस्त्या पाठवतो, हेही मान्य. स्वस्त अँड्रॉइडला दोन-तीन वर्षांत वाऱ्यावर सोडतात, मग एक दिवस बँकेचं अ‍ॅप म्हणतं, तुमचा फोन जुना झाला.

पण वाडा म्हणजे सुरक्षित? मित्रा, पेगॅसस विसरलास काय? 2019 मध्ये व्हॉट्सअ‍ॅपनंच सांगितलं की या इस्रायली हेरयंत्रानं भारतातल्या पत्रकारांना आणि कार्यकर्त्यांना लक्ष्य केलं. त्यात आनंद तेलतुंबडे यांचं नाव होतं. पुढं 14 एप्रिल 2020 ला, बाबासाहेबांच्या जयंतीच्या दिवशी, त्यांना अटकेसाठी हजर व्हावं लागलं. 2021 मध्ये जगभरच्या तपासण्यांत पेगॅसस आयफोनमध्येही सापडलं. ऑक्टोबर 2023 मध्ये अ‍ॅपलनं स्वतःच भारतातल्या विरोधी नेत्यांना आणि पत्रकारांना इशारे धाडले, तुमच्या फोनवर सरकारी पाठबळाचे हल्लेखोर टपलेत म्हणून. भीमा कोरेगाव खटल्यात रोना विल्सन यांच्या संगणकात फायली बाहेरून पेरल्या गेल्या असं अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंगनं 2021 मध्ये सांगितलं. राज्यसत्ता मागं लागली तर 8 हजारांचा फोन आणि 80 हजारांचा फोन दोन्ही सारखेच नागडे. किमतीनं संरक्षण मिळतं ते भुरट्या चोरापासून.

आणि अ‍ॅपलची ती चकाकणारी काच कुणाच्या हातांनी चकाकते तेही बघा. डिसेंबर 2021 मध्ये तमिळनाडूत श्रीपेरुंबुदूरच्या फॉक्सकॉन कारखान्यातल्या कामगार पोरी वसतिगृहातल्या अन्नानं आजारी पडल्या, दीडशेच्या वर दवाखान्यात गेल्या, तेव्हा बाकीच्यांनी चेन्नई–बंगळुरू रस्ता अडवला. अँड्रॉइडचे कारखाने काही बुद्धविहार नाहीत. पण आयफोन हातात घेऊन आपण वरच्या वर्गात गेलो असं ज्याला वाटतं त्यानं या पोरींची वसतिगृहं डोळ्यापुढं आणावीत.

मग फोनच नको? बटणाचाच बरा? आई हेच म्हणत होती. "मला नको बाबा ते. बोट लागलं की पळतंय. म्या काय करू त्याला?" मला तिचं पटत होतं, आणि पटता पटता रमाबाई नगर आठवलं.

11 जुलै 1997. आमच्या टेकडीपासून हाकेच्या अंतरावर, घाटकोपर पूर्वेला, बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातला गेला. लोक रस्त्यावर आले. राज्य राखीव पोलिसांनी गोळ्या झाडल्या. 10 माणसं गेली. पोलिसांनी टँकर जाळण्याची गोष्ट सांगितली. त्या दिवशी वस्तीत कुणाच्या खिशात कॅमेरा नव्हता. होती ती फक्त आमच्या बायांची तोंडं आणि आमच्या पोरांची प्रेतं. गुंडेवार आयोगानं गोळीबार नाहक ठरवला, तरी हुकूम देणाऱ्याला न्यायालयातून जन्मठेप व्हायला 2009 उजाडलं. बारा वर्षं! आणि तोही पुढं जामिनावर बाहेर. गोळीबारानंतर चारच दिवसांनी मुलुंडला शाहीर विलास घोगरेनं गळफास घेतला. ज्याच्या गळ्यात चळवळीचा आवाज होता त्याच गळ्यात दोर.

आता दुसरी 11 जुलै घ्या. बरोबर 19 वर्षांनंतरची, 2016. गुजरातेत ऊनाला मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या आपल्या पोरांना गाडीला बांधून मारलं. त्याचा व्हिडिओ कुणी काढला? मारणाऱ्यांनी! मिरवायला. धाक बसावा म्हणून. पण तोच व्हिडिओ देशभर गेला आणि त्यांच्याच गळ्याशी आला. गुजरातेत मेलेली ढोरं सरकारी कचेऱ्यांसमोर आणून टाकली गेली. कॅमेरा त्यांचा होता, डोळे आपले झाले.

आणि तिसरी गोष्ट. मे 2015, शिर्डी. एका तरुण पोराचा फोन वाजला. रिंगटोन बाबासाहेबांच्या गाण्याची. त्यावरून वाद झाला आणि पोरगा जिवानिशी मारला गेला, अशी फिर्याद आहे. फोन कुठल्या कंपनीचा होता हे मारणाऱ्यांनी विचारलं नाही. आयफोन असता तर सोडलं असतं? आपला फोन नुसता फोन कधीच नसतो रे. तो वाजला तरी आपली जात सांगतो.

म्हणून मी म्हणतो, फोन पाहिजे. प्रत्येक आईच्या, प्रत्येक पोरीच्या हातात कॅमेरा पाहिजे. प्रश्न कंपनीचा कमी आणि मालकीचा जास्त आहे. 31 जानेवारी 1920 ला मूकनायक निघाला तेव्हा त्याची जाहिरात केसरीनं पैसे घेऊनसुद्धा छापली नाही. बाबासाहेबांनी त्यावरून धडा घेतला. पुढं स्वतःचा भारतभूषण छापखाना उभा केला, तोच नंतर बुद्धभूषण झाला. दुसऱ्याच्या छापखान्यात आपला शब्द भाडेकरू असतो हे त्यांना कळलं होतं. तो दादरचा छापखाना 25 जून 2016 ला बुलडोझर लावून पाडला गेला. विटा पडल्या म्हणून आपण रस्त्यावर आलो. आणि आज आपली सगळी भीमगीतं, आपली भाषणं, मोर्चांचे व्हिडिओ कुठं आहेत? गूगलच्या यूट्यूबवर, मेटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर. उद्या कुणी एका बटणावर पाडले तर मोर्चा कुठं नेणार? तिथं बुलडोझरचा आवाजही येणार नाही.

भाडेकरूला घराबाहेर कसं काढतात ते पाहिलंय आपण. 2017 मध्ये जिओफोनची घोषणा झाली. 1500 रुपये अनामत, फोन जवळजवळ फुकट, बटणाचाच पण आत इंटरनेट. आत काइओएस नावाची तिसरी व्यवस्था, ना अँड्रॉइड ना आयफोन. आमच्या टेकडीवर घराघरांत आला. लोकांनी व्हॉट्सअ‍ॅप शिकलं. 2024 मध्ये व्हॉट्सअ‍ॅपनं काइओएसच्या दुकानातून आपलं अ‍ॅप काढून घेतलं. संपलं! गरिबांना आधी हात धरून आत घेतलं, मग नवा फोन घ्या म्हणून सांगितलं.

सरकार तरी काय वेगळं करतं? नोटाबंदीनंतर 30 डिसेंबर 2016 ला पैशाचं अ‍ॅप काढलं आणि नाव दिलं भीम. ज्या माणसानं 1923 साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला त्याचं नाव. टाळ्या! पण आज यूपीआयचे बहुतांश व्यवहार फोनपे आणि गूगल पे या दोघांवरून होतात. फोनपे वॉलमार्टचं, गूगल पे गूगलचं. नाव भीमाचं, धंदा दुसऱ्याचा. हे आपल्याला नवीन आहे का? आणि 2021 च्या मे महिन्यात 18 ते 44 च्या लोकांना लस पाहिजे तर कोविनवर नोंद करा म्हणाले. आमच्या गल्लीत नोंद करायला धडका मारणारी माणसं आणि स्लॉट पटकावणारी टॉवरमधली बोटं, दोन्ही मी पाहिलीत. सर्वोच्च न्यायालयालाही विचारावं लागलं की ज्याच्याकडं फोन नाही त्यानं काय करायचं.

ठेकेदाराच्या हजेरीचं मूळही इथंच आहे. 1 जानेवारी 2023 पासून रोजगार हमीच्या मजुरांची हजेरी अ‍ॅपवर सक्तीची केली. नागपुरात सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळं बांधली. ज्या शहरात बाबासाहेबांनी आपल्या गळ्यातलं जुनं ओझं उतरवलं, त्याच शहरात मनगटाला नवं! पण उलटं उदाहरणही आपल्याच महाराष्ट्रात आहे. ऑगस्ट 2021 मध्ये अंगणवाडीच्या बायांनी सरकारनं दिलेले निकृष्ट फोन सरकारला परत नेऊन दिले. अ‍ॅप इंग्रजीत, फोन तापणारा, दुरुस्तीचा खर्च बाईच्या माथी. आम्ही नाही वापरत म्हणाल्या. फोन निवडण्याची याहून मोठी शहाणी रीत मला ठाऊक नाही.

तर आमच्या घरी काय ठरलं ते सांगतो. उपदेश म्हणून घेऊ नका, शेजाऱ्याचा अनुभव म्हणून घ्या.

अँड्रॉइड घेतला. रोखीनं. कुलपाचा हप्ता नको म्हणून भावानं आणि मी मिळून पैसे घातले. अगदी खालच्या कप्प्यातला घेतला नाही, कारण तो वर्षात अडकायला लागतो आणि मग स्वस्त महाग पडतो. सुरक्षेच्या दुरुस्त्या किती वर्षं येणार हे आधी विचारलं. दुकानदाराला माहीत नव्हतं, भावानं कंपनीच्या कागदावर शोधून काढलं. मेनू मराठीत लावला. आई आता बोलून मराठी लिहिते. पडदा फुटला तर गल्लीतला पोरगा बसवून देईल, अ‍ॅपलसारखं हजारोंचं बिल येणार नाही. जुना फोन घेणाऱ्यांना एक सांगतो, बिलाशिवाय घेऊ नका. *#06# दाबून नंबर काढा आणि संचार साथीवर तपासा. चोरीचा निघाला तर पोलीस टॉवरमध्ये चौकशीला जाणार नाहीत, आपल्याच दारात येतील.

पण हे झालं दुकानातलं. खरी निवड दुकानाबाहेर आहे. पहिली गोष्ट, ज्याला अ‍ॅपवर हजेरी पाहिजे त्यानं फोन आणि रिचार्ज द्यावा. आईनं आणि तिच्या पाळीतल्या बायांनी तसा कागद लिहून, अंगठे-सह्या करून ठेकेदाराला दिलाय. अजून उत्तर नाही. दुसरी, संडासाच्या दारात बाईचा फोटो रोज काढून तो कुठं साठतो, कोण बघतो, याचा जबाब पाहिजे. तिसरी, रेशन असो, शिष्यवृत्ती असो, दवाखाना असो, खिडकी आणि कागद चालू राहिलाच पाहिजे. रिझर्व्ह बँकेनं मार्च 2022 मध्ये बटणाच्या फोनवरूनही यूपीआय चालेल अशी सोय काढली, म्हणजे करायचं ठरवलं तर करता येतं. आणि चौथी गोष्ट आपल्यासाठी, कंपनीसाठी नव्हे. प्रत्येक वस्तीत एक हार्ड डिस्क ठेवा. शाहिरांची गाणी, मोर्चे, म्हाताऱ्यांच्या आठवणी, पोलिसांचे व्हिडिओ, सगळं त्यात उतरवा. दोन प्रती करा, दोन घरांत ठेवा. तेवढाच आपला आजचा बुद्धभूषण.

भाऊ अजून घुश्शात आहे. म्हणतो, कधी ना कधी आयफोन घेणारच. घे की! रोखीनं घे, छाती काढून घे, मी पेढे वाटीन. फक्त त्याच्या कुलपाची चावी दुसऱ्याच्या खिशात नको.

आईनं नव्या फोनवर पहिला फोटो हजेरीचा काढला नाही. त्या खालच्या कप्प्यातल्या फोनच्या पोराला आठवत असेल नसेल, पण आईनं दुकानातून निघताना त्याच्याच काउंटरसमोर उभं राहून आमच्या दोघांचा फोटो काढला. हात हलला, माझं अर्धं डोकं कापलं गेलं. बटणाचा फोन तिनं फेकला नाही. तोही पिशवीत असतो, चार्ज करून. विचारलं तर म्हणाली, "ह्याचं काय सांगावं, उद्या बंद पाडतील. तो माझा आहे."

जयभीम.